मॉरिशसला पहिल्यांदा निघालात? आधी कागदांची पिशवी भरा

"ताई, मॉरिशसला व्हिसा लागत नाही ना? मग फक्त तिकीट काढून टाका."

रत्नागिरीत पासपोर्ट-तिकिटांचं काम करताना दर लगीनसराईत हे वाक्य कानावर येतं. त्यातला पहिला भाग खरा आहे. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी मॉरिशसला जायचं तर आधी कुठल्या वकिलातीत अर्ज करावा लागत नाही, व्हिशाची फीही नाही. विमानातून उतरलं की तिथल्या विमानतळावर प्रवेशाचा शिक्का मिळतो. मात्र तो शिक्का मारायचा की नाही, आणि किती दिवसांचा, हे काउंटरपलीकडचा अधिकारी ठरवतो. त्याला तुमच्याकडून चार गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: तुम्ही कोण, कुठे उतरणार, परत कधी जाणार आणि खर्च कशातून करणार. या चारही प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत. तोंडी उत्तर कितीही खरं असलं तरी त्याला ते तपासता येत नाही.

चिपळूणकडचे दोन तरुण एकदा मित्राकडे राहायला म्हणून गेले. परतीचं तिकीट होतं, पैसेही होते. राहण्याचा पत्ता विचारल्यावर त्यांनी मित्राचा फोन नंबर दाखवला. नंबर लागेना. मित्र बाहेर, गाड्या उभ्या राहतात तिथे, यांची वाट बघत होता आणि हे दोघे आत बाकावर बसून होते. चार तासांनी गाठ पडली, पत्ता लिहून दिला, मग सुटले. मित्राचं एक पानी पत्र जवळ असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. तेव्हापासून मॉरिशसला निघालेल्या प्रत्येकाला मी एक प्लास्टिकची पिशवी देते आणि ती माझ्यासमोर भरायला लावते. त्या पिशवीत काय काय जातं, ते क्रमाने सांगते.

पहिलं काम: पासपोर्ट उघडून नीट वाचा

पासपोर्ट कपाटात आहे एवढं पुरत नाही. शेवटची तारीख बघा. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने तो चालू राहणार असेल तर निर्धास्त राहा. त्याहून कमी मुदत उरली असेल तर आधी नूतनीकरण करून घ्या, कारण तिथे पोहोचण्याआधी मुंबईत विमान कंपनीचे लोकच अडवतात. प्रवेश नाकारला गेलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. म्हणून ते जास्तच बारकाईने बघतात, आणि त्यात त्यांचं चूक नाही.

एक-दोन पानं कोरी आहेत ना, बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून फोटोच्या पानाचं लॅमिनेशन सुटतं, कडा फुगतात. असा पासपोर्ट चालवून घेतील या आशेवर जाऊ नका. खराब झालेला पासपोर्ट बदलून मिळतो, फक्त वेळ हाताशी ठेवा.

आता नावाचा मुद्दा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि तो आपल्या मराठी नावांच्या पद्धतीमुळे होतो. आपलं नाव तीन पदरी असतं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर दोनच रकाने असतात, 'सरनेम' आणि 'गिव्हन नेम'. मधलं नाव बहुतेकांच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःच्या नावाला जोडून येतं. तिकीट आणि मॉरिशसचा अर्ज दोन्ही ठिकाणी ते तसंच्या तसं उतरवायचं. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर चुकीचं वाटत असलं तरी पासपोर्टवर जे छापलंय तेच लिहायचं. आधारवर काय आहे हा प्रश्न इथे येतच नाही. आधार परदेशात चालत नाही.

लग्नानंतर लगेच फिरायला जाणाऱ्या जोडप्यांना हे कळकळीने सांगते. समजा मुलीच्या पासपोर्टवर 'सायली प्रकाश पवार' आहे. लग्न डिसेंबरात, तिकिटं नवऱ्याने ऑक्टोबरातच हौसेने काढली, आणि नाव घातलं 'सायली रोहन साळवी'. पासपोर्ट जुन्या नावाचा, तिकीट नव्या नावाचं. मुंबईच्या चेक-इन काउंटरवर हातावरची मेंदी न उतरलेली मुलगी रडवेली होऊन उभी राहिलेली मी स्वतः पाहिली आहे. लग्नाचा दाखला दाखवून काम होईल असं धरून चालू नका. सोपा उपाय एकच, पहिली सहल माहेरच्या नावाने करा. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीट, हॉटेल, अर्ज सगळं त्याच नावाने. नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर सवडीने बदला.

घरातल्या ज्येष्ठांच्या पासपोर्टवर कधी कधी 'ईसीआर' असा शेरा असतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर तो येतो आणि त्याने माणसं उगाच घाबरतात. हा शेरा नोकरीसाठी ठरावीक देशांत जाणाऱ्यांसाठी आहे. त्या यादीत मॉरिशस नाही. आजी-आजोबांना खुशाल न्या.

लहान मुलांना स्वतःचा पासपोर्ट लागतोच, तान्ह्या बाळालासुद्धा. आई किंवा वडील यांच्यापैकी एकच जण मुलाला घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं सहीचं संमतिपत्र आणि त्यांच्या पासपोर्टची प्रत जवळ ठेवावी. प्रत्येक वेळी मागतात असं नाही, पण मागितलं तर त्या क्षणी तयार करता येत नाही.

दुसरं: परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता

परतीचं किंवा पुढच्या देशाचं पक्कं तिकीट हवं. "परतीचं तिथे गेल्यावर बघू" हे चालत नाही. मुंबईहून मॉरिशसला थेट विमान आहे, साधारण सहा तासांचा प्रवास. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. तिकिटावर निघण्याची वेळ निघतो त्या ठिकाणच्या आणि पोहोचण्याची वेळ पोहोचतो त्या ठिकाणच्या घड्याळाची असते, हे घरच्यांना सांगून ठेवा.

हॉटेलचं बुकिंग असेल तर छापील पावती घ्या, त्यावर सगळ्या प्रवाशांची नावं आहेत ना बघा. नवराबायको दोघे चाललेत आणि पावतीवर एकट्या नवऱ्याचंच नाव, असं पुष्कळदा होतं. हॉटेलला मेल टाकून दुसरं नाव घालून घ्या. दोन-तीन ठिकाणी राहणार असाल तर प्रत्येक रात्रीचा हिशोब लागला पाहिजे. सात रात्रींपैकी चारच रात्रींचं बुकिंग दिसलं तर उरलेल्या तीन रात्रींबद्दल विचारणारच.

घर किंवा खोली भाड्याने घेणार असाल तर घरमालकाकडे पर्यटकांना ठेवण्याचा परवाना आहे का, हे आधी विचारा. मॉरिशसमध्ये असा परवाना लागतो. परवाना असलेला माणूस लगेच सांगतो, टाळाटाळ करणाऱ्याचं घर सोडून द्या.

नातेवाइकांकडे किंवा मित्राकडे उतरणार असाल तर त्यांच्याकडून पत्र आणा: आपलं नाव, पूर्ण पत्ता, फोन, तुमचं नाव, किती दिवस, आणि सही. सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत. कुणी ओळखीचे तिथे नोकरीला असतील तर त्यांच्या परवान्याची प्रतही जोडा. हेच ते एक पान, जे त्या दोघा तरुणांकडे नव्हतं.

पैसे किती दाखवायचे

माणशी दिवसाला किमान १०० अमेरिकन डॉलर एवढी ऐपत दिसली पाहिजे, असा तिथला हिशोब आहे. आठवड्याच्या सहलीला एका माणसाचे ७०० डॉलर झाले. एवढे सगळे रोख न्यायचे असा याचा अर्थ नाही. थोडी रोख रक्कम, परदेशात चालणारं कार्ड आणि बँकेचं ताजं स्टेटमेंट मिळून चित्र स्पष्ट दिसावं. हॉटेलचे पैसे आधीच भरले असतील तर ती पावती वर ठेवा, कारण खर्चाचा मोठा भाग तिथेच संपलेला असतो.

भारतातून निघताना एका सहलीला परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, बाकी कार्डावर. आपले रुपये २५,००० पर्यंत. मॉरिशसच्या चलनाचं नावही रुपयाच आहे, पण तो वेगळा आणि आपल्यापेक्षा महाग. दुकानातल्या पाटीवरचा आकडा वाचून "अरे, स्वस्त आहे" असं म्हणण्याआधी मनात जवळजवळ दुप्पट करा. ५,००,००० मॉरिशियन रुपयांहून अधिक किमतीची रोकड जवळ असेल तर कस्टम्सला सांगावं लागतं, सहलीला जाणाऱ्याचा त्याच्याशी संबंध येत नाही.

१२ फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्डाची सोय सुरू झाली आहे. मोठ्या दुकानांत उपयोग होतो. तरी टॅक्सी, बाजार, समुद्रकाठची गाडी यांसाठी तिथले रोख रुपये खिशात हवेतच.

डिजिटल अर्ज: फुकट आहे, पैसे भरू नका

मॉरिशस सरकारचा एक ऑनलाइन अर्ज आहे, 'ऑल इन वन ट्रॅव्हल फॉर्म' या नावाचा. पासपोर्ट, विमान, राहण्याचा पत्ता, तब्येत, कस्टम्स, सगळी माहिती त्या एकाच अर्जात जाते. पूर्वी विमानात कागदी फॉर्म वाटायचे, त्यांची जागा याने घेतली. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, तिकीट आणि हॉटेल पक्कं झाल्यावर भरायचा. भरून झाला की क्यूआर कोड येतो. तो फोनमध्ये साठवा आणि छापूनही घ्या. विमानतळावर उतरल्यावर फोनची बॅटरी संपलेली असणं किंवा वायफाय न मिळणं हे नेहमीचंच आहे.

हा अर्ज मोफत आहे. गुगलवर 'मॉरिशस व्हिसा' असं शोधलं की पहिल्या पाचांत दोन-तीन खासगी संकेतस्थळं अशी येतात की ती सरकारीच वाटावीत. झेंडा असतो, शिक्का असतो, शेवटच्या पानावर कार्डाचा नंबर मागतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्हीएमयू डॉट ओआरजी' (govmu.org) असतं, ते बघा. पैसे मागितले तर समजा की तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात, आणि पान बंद करा. माझ्याकडे येणाऱ्यांत दर महिन्याला एक तरी घर असं असतं ज्यांनी चौघांच्या अर्जाचे पैसे आधीच भरून टाकलेत. ते पैसे परत येत नाहीत.

अर्जातलं एक वाक्य नीट वाचून भरा: गेल्या काही दिवसांत कुठल्या देशांत होतात. पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा, धोका असलेल्या देशातून, उदाहरणार्थ केनियातून, मॉरिशसला जात असाल तर लस घेतल्याचं पिवळं प्रमाणपत्र लागतं. थेट मुंबईहून जाणाऱ्याला ते लागत नाही. पण आपली कित्येक मंडळी नैरोबीमार्गे स्वस्त तिकीट शोधतात. तिथे किती तास थांबणार, विमानतळाबाहेर पडणार का, हे आधी बघा आणि तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीला विचारा.

बॅगेत काय घालायचं नाही

हे बेट उसावर उभं राहिलं आणि तिथल्या शेतीला बाहेरची कीड लागू नये म्हणून ते फार जपतात. ऊस किंवा उसाचा कुठलाही भाग नेता येत नाही. ताजी फळं, रोपं, कलमं, बियाणं यांना तिथल्या कृषी खात्याची आधी काढलेली परवानगी आणि इथला रोगमुक्तीचा दाखला दोन्ही लागतं. म्हणजे हापूसची पेटी, आंब्याचा टाळा, दूर्वांची जुडी, नारळ, फणसाच्या आठळ्या, तुळशीचं रोप, हे सगळं घरी ठेवा. नातेवाइकांसाठी प्रेमाने बांधलेली पेटी विमानतळावर टाकून द्यावी लागते तेव्हा माणसाच्या जिवाला लागतं. सोडे, सुके बोंबील, मटणाचे पदार्थ यांनाही वेगळी परवानगी हवी. सीलबंद पाकिटातले लाडू, चिवडा, चकल्या, मसाले न्या, आणि खाण्याचं सामान आहे का असं विचारलं तर 'हो' म्हणून दाखवा. दाखवलेली वस्तू फार तर ठेवून घेतात, लपवलेली सापडली तर दंडाची वेळ येते.

ई-सिगारेट आणि वेपवर २०२२ पासून बंदी आहे. अंमली पदार्थांच्या बाबतीत तिथला कायदा अतिशय कडक आहे, त्यात पर्यटक म्हणून सूट मिळत नाही. आपल्या साध्या वाटणाऱ्या औषधांचा प्रश्न इथेच येतो. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी, झोपेच्या गोळ्या, यांच्यावर तिथे नियंत्रण आहे. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, त्यावर औषधाचं मूळ नाव आणि मात्रा, गोळ्या मूळ पाकिटात, आणि सहलीला पुरतील तेवढ्याच. घरी आपण सगळ्या गोळ्या एका डबीत काढून ठेवतो तशी डबी नेऊ नका. आणि विमानतळावर कुणी ओळखीचा, अनोळखी, 'एवढी पिशवी माझ्या भावाला द्या' म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. गावचा माणूस असला तरी नाही म्हणा. इथे भिडेला जागा नाही.

अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला १ लिटर मद्य, २ लिटर वाइन किंवा बिअर आणि २५० ग्रॅम तंबाखू एवढं करमुक्त नेता येतं. प्लास्टिकच्या कॅरीबॅगना २०१६ पासून बंदी आहे, कापडी पिशव्या घ्या.

उतरल्यावर: काउंटरपाशी

विमानतळाचं नाव सर शिवसागर रामगुलाम, जागा प्लेझान्स, बेटाच्या आग्नेय टोकाला माहेबूर्ग गावाजवळ. राजधानी पोर्ट लुई इथून पन्नासेक किलोमीटरवर, बेटाच्या दुसऱ्या बाजूला. हॉटेल कुठल्या किनाऱ्याला आहे ते नकाशावर बघून ठेवा, कारण अधिकाऱ्याने "कुठे उतरणार?" विचारलं की नुसतं "बीच हॉटेल" सांगणारे पुष्कळ असतात. ग्रां बे, फ्लिक आं फ्लाक, ल मोर्न, असं गावाचं नाव घ्या.

पासपोर्ट खात्याचे अधिकारी तिथल्या पोलिस दलातले असतात. इंग्रजी बोलतात, आपसात क्रेओल, म्हणजे तिथली रोजच्या बोलण्यातली भाषा. काहींना हिंदी किंवा भोजपुरी कळते. म्हणून सुरुवात मात्र हिंदीने करू नका, साधं इंग्रजी पुरतं. इंग्रजी न येणारे आई-वडील सोबत असतील तर कुटुंब म्हणून एकत्रच काउंटरवर जा. ते वेगळ्या रांगेत गेले आणि "किती दिवस?" ला "मुलाला विचारा" म्हणाले की नुसता वेळ जातो. निघण्याआधी त्यांना तीन गोष्टी इंग्रजीत पाठ करून द्या: किती दिवस, कुठलं हॉटेल, कुणाबरोबर. माझ्या आईला मी चिठ्ठी करून दिली होती. तिने ती पासपोर्टमध्येच ठेवली आणि अधिकाऱ्याच्या हातात पासपोर्टसकट दिली. त्याने वाचली, हसला आणि शिक्का मारला.

विचारलं तेवढंच सांगा. कारण विचारलं तर "फिरायला". फिरायला जाऊन तिथे काम शोधायचा बेत असेल तर तो आताच मनातून काढा. पर्यटकाच्या शिक्क्यावर पगारी काम करता येत नाही. काम शोधून देतो असं सांगून पर्यटक म्हणून पाठवणारे लोक आहेत. तिथे नोकरी खरी असेल तर मालक आधी परवाना काढतो आणि मगच माणूस जातो. कागद न दाखवता पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आपल्या पोरांनी जमिनी गहाण टाकून असे पैसे भरलेले मी पाहिलेत, म्हणून एवढं जोर देऊन लिहिते.

शिक्का मिळाल्यावर बाजूला उभे राहा आणि त्यावरची तारीख वाचा. तीच तुमची मुदत. एका कॅलेंडर वर्षात पर्यटक म्हणून एकूण १८० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. शिक्क्यावर तुमच्या परतीच्या आधीची तारीख पडली असेल तर तिथल्या तिथे दाखवा. बाहेर पडल्यावर दुरुस्ती करायची तर पोर्ट लुईला पासपोर्ट आणि इमिग्रेशन कार्यालयात, स्टर्लिंग हाउसमध्ये, जावं लागतं. मुदत वाढवण्याचा अर्जही तिथेच, आणि तो मुदत संपायच्या आधी. नोव्हेंबर ते मे हा तिथला चक्रीवादळांचा काळ. वादळाचा इशारा वरच्या पायरीवर गेला की विमानं बंद होतात. परतीचं विमान रद्द होऊन मुदत उलटणार असेल तर विमान कंपनीचं पत्र घेऊन लगेच कळवा. गप्प बसलात तर पुढच्या वेळी त्रास होईल.

हॉटेलात गेल्यावर एक नवा खर्च दिसेल. ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी पर्यटकाकडून माणशी रात्रीला ३ युरो पर्यावरण शुल्क घेतात, बारा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. हॉटेलवाला फसवतोय असं समजून भांडू नका. सहलीच्या पॅकेजमध्ये ते धरलंय का, हे मात्र इथेच विचारून घ्या.

पासपोर्ट हरवला तर आधी जवळच्या पोलिस चौकीत तक्रार, तिची प्रत घेऊन पोर्ट लुईला भारतीय उच्चायुक्तालय. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत आणि प्रवेशाच्या शिक्क्याचा फोटो वेगळ्या बॅगेत असेल तर परतीचा कागद मिळवणं खूप सोपं जातं. पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ११४ हे नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

जास्त दिवस राहायचं असेल तर

इथल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी मॉरिशसने २०२० मध्ये प्रीमियम व्हिसा सुरू केला. मुदत एक वर्ष, पुढे वाढवता येते. महिन्याला किमान १,५०० डॉलर उत्पन्न हवं आणि ते मॉरिशसबाहेरून येणारं हवं, शिवाय आरोग्याचा विमा. याचा अर्ज निघण्याआधी ऑनलाइन करावा. पुण्यातली दोन जोडपी याच व्हिशावर राहून आली. मुलांची शाळा आड येत नसेल तर विचार करण्यासारखा आहे. अमेरिका-इंग्लंडचा पासपोर्ट असलेल्या आपल्या लोकांनाही सहलीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, कागद मात्र वर सांगितले तेच.

आपल्या माणसांच्या खुणा शोधायला जाणाऱ्यांसाठी

मॉरिशसला जाणारे बहुतेक जण समुद्र बघून येतात. कोकणातल्यांनी एक दिवस पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून आलेले मजूर इथे उतरले आणि १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर आली. बहुतेक बिहार आणि मद्रासकडची, पण मुंबई बंदरातून रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडची आपलीही होती. उतरलेल्या प्रत्येकाला नंबर दिला जायचा, तोच पुढे त्याची ओळख. १८६० च्या दशकापासून फोटोही काढू लागले. ज्या पायऱ्या चढून ती वर आली त्या दगडी पायऱ्या अजून आहेत. युनेस्कोने २००६ मध्ये ही जागा जागतिक वारशात घेतली.

त्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. तुमच्या घरातलं कुणी 'मिरीच देशात', म्हणजे मॉरिशसला, गेल्याची गोष्ट सांगितली जात असेल तर जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून न्या: माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जात, साधारण साल. तिथल्या वहीत गावाचं नाव गोऱ्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, तेव्हा गावाची जुनी आणि बोलीतली नावंही लिहा. आधी मेलने विचारून वेळ घ्या. ही नोंद बघणं हा पर्यटनाचाच भाग आहे, त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. काउंटरवर "पूर्वजांची नोंद शोधायला" असं सांगितलं तरी हरकत नाही, इन्स्टिट्यूटचं उत्तर छापून पिशवीत ठेवा.

गणपतीत जायचा विचार असेल तर एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते ती आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला. २०२५ मध्ये आपल्याकडे २७ ऑगस्टला गणपती बसले, तिथली सुट्टी २८ ऑगस्टला होती. दीड दिवसाचा गणपती, कोकणातल्या घरातल्यासारखाच. मराठी माणसं तिथे आता घरात क्रेओल बोलतात, पण आरती मराठीत म्हणतात आणि आपल्या जाखडीला झाकरी म्हणून नाचतात. विमान चतुर्थीच्या आधी दोन दिवस गाठेल असं तिकीट काढा. सुट्टीच्या दिवशी सरकारी कार्यालयं आणि इन्स्टिट्यूट बंद असतं, म्हणून नोंदींचं काम आधी उरकून घ्या, आणि विसर्जनाची मिरवणूक बघायला दुसरा अख्खा दिवस मोकळा ठेवा.